भांदकचे राजधानीपण

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणारी गाडी वरोरा, माजरी मागे टाकून जिथे थांबते, त्या स्टेशनाचे नाव आजही ‘भांदक’ असेच आहे. गावाला मात्र सगळे भद्रावती म्हणतात. नगरपरिषद भद्रावतीची, तालुका भद्रावतीचा. आयुध निर्माणीमुळे आणि कोळशाच्या खाणींमुळे बाहेरच्या माणसाच्या कानावर पडते ते नावही भद्रावतीच. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत, ताम्रपटांच्या याद्यांत आणि पुरातत्त्वाच्या अहवालांत सापडते ते भांदक. या दोन नावांच्या मध्ये एका गूढाचा दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तीन वेगवेगळ्या काळांतली राजधानी म्हणून या गावाकडे बोट दाखवले गेले: एकदा पुराणाने, दोनदा विद्वानांनी. तो मान कसा मिळाला आणि कसा गेला, ही हकीकत आपल्या भागाच्या इतिहासावर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी अशी आहे.

पुराणातला दावा सगळ्यांना पाठ आहे. युधिष्ठिराला अश्वमेध करायचा होता, त्यासाठी श्यामकर्ण घोडा हवा होता आणि तो भद्रावतीच्या यौवनाश्व राजाकडे होता. भीम, कर्णाचा मुलगा वृषकेतू आणि घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण असे तिघे तो आणायला निघाले. ही कथा व्यासांच्या महाभारतातली नाही, जैमिनीच्या नावावर असलेल्या अश्वमेधातली आहे. घरोघरी पोथीच्या रूपाने ती वाचली गेली आणि भांदकच्या लोकांनी आपल्या गावाच्या अंगाखांद्यावर पसरलेले जुने दगड पाहून म्हटले, हीच ती नगरी. यात नवल काही नाही. ज्या गावात विहीर खणताना मूर्ती निघतात, ज्याच्या भद्रनाग मंदिराच्या आवारात कुठल्या कुठल्या काळातले देव एकमेकांना टेकून उभे आहेत, त्या गावाला आपल्या मोठेपणाचे कारण हवेच असते.

इंग्रजी अमलात हे कारण शोधण्याचे काम साहेबांनी हाती घेतले. १८५३ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आणि चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याची जमीनमहसुलाची मोजणी सुरू झाली. लुसी स्मिथ हे इथले सेटलमेंट अधिकारी. शेतसारा ठरवता ठरवता त्यांनी गोंड राजांच्या वंशावळी, वैरागडच्या माना सरदारांच्या आठवणी, देवळे, तलाव, किल्ले यांची भरपूर माहिती गोळा केली. १८७० साली चार्ल्स ग्रँट यांनी मध्य प्रांताचे गॅझेटिअर काढले, त्यात ही माहिती आली आणि भांदकचे अवशेष कलकत्त्यापर्यंत पोहोचले. त्या वेळी कलकत्त्यात नुकतेच पुरातत्त्व खाते उभे राहत होते आणि त्याचे प्रमुख होते अलेक्झांडर कनिंगहॅम.

कनिंगहॅम यांच्या हातात एक विलक्षण साधन होते: ह्युएन त्संग या चिनी भिक्षूचे प्रवासवर्णन. सातव्या शतकात हा माणूस भारतभर हिंडला आणि एका नगरापासून दुसरे नगर किती ‘ली’वर आणि कोणत्या दिशेला, हे लिहून ठेवत गेला. कलिंगाहून वायव्येला, रानावनांतून आणि डोंगरांतून सुमारे १८०० ली चालल्यावर आपण कोसल देशात पोहोचलो, असे तो लिहितो. इथून दक्षिणेला जंगलातून ९०० ली गेले की आंध्र. कोसलची राजधानी ४० ली घेराची. राजा क्षत्रिय, पण बुद्धाला मानणारा. शंभरावर विहार, त्यांत दहा हजारांच्या आसपास भिक्षू, सगळे महायानाचे. शिवाय देवांची सत्तरेक मंदिरे. हे कोसल अयोध्येचे नव्हे, दक्षिणेतले. मग ही राजधानी कुठली?

कनिंगहॅम सहा लीचा साधारण एक मैल धरत. १८०० ली म्हणजे ३०० मैल, ४० ली म्हणजे साडेसहा मैल. नकाशावर परकार ठेवावा तशी ही आकडेमोड होती. १८७१ साली छापलेल्या आपल्या प्राचीन भूगोलाच्या ग्रंथात त्यांनी चांद्याचे नाव पुढे केले. कलिंगाची राजधानी म्हणून त्यांनी धरलेल्या राजमहेंद्रीहून अंतर जुळत होते आणि शहराभोवती सुमारे सहा मैलांचा कोट होता, तोही घेराशी जुळत होता. अडचण एवढीच की चांद्याचा तो कोट गोंड राजांचा, ह्युएन त्संगनंतर कित्येक शतकांनी बांधलेला. मोजमाप बरोबर आले, काळ चुकला. जेम्स फर्ग्युसन यांनी पुढे वैरागडचा पक्ष घेतला. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले हे वैरागड, हिऱ्यांच्या खाणींच्या जुन्या कथांसाठी ओळखले जाणारे. चांदा, भांदक, वैरागड: सगळे शोधणारे याच जंगलपट्ट्याभोवती घिरट्या घालत होते.

१८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅम स्वतः भांदकला आले. त्यांचा हा अहवाल १८७९ साली प्रसिद्ध झाला. इथे त्यांना जे दिसले ते आजही दिसते, म्हणून जरा थांबून पाहू.

गावाच्या नैर्ऋत्येला मैल-दीड मैलावर विजासनची टेकडी आहे. तिच्या पोटात लेणे खोदलेले आहे, पण अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्या माणसाची इथे फसगत होते. समोर खांबांची ओसरी नाही, चैत्याची कमान नाही, नक्षी नाही. एक सरळ बोगद्यासारखी वाट टेकडीत शिरते आणि ७१ फूट आत जाते. जसजसे आत जावे तसतसा उजेड मागे राहतो. शेवटी लहानसा गाभारा, आणि त्यात दगडी ओट्यावर बसलेला भव्य बुद्ध. या मुख्य वाटेला काटकोनात आणखी दोन वाटा फुटतात आणि त्या दोन्हींच्या टोकालाही एकेक गाभारा, एकेक मूर्ती. एवढेच. भारतातल्या बहुतेक लेण्यांत उजेड आत यावा याची काळजी घेतलेली असते; इथे माणसालाच अंधारात चालत न्यायची योजना आहे.

दुसरी वस्तू पाण्यातली. गावाजवळच्या तलावात एक बेट आहे आणि काठापासून त्या बेटापर्यंत दगडी पूल आहे. पाण्यात भक्कम खांबांच्या दोन रांगा उभ्या केल्या, त्यांच्या डोक्यावर जाडजूड तुळया टाकल्या आणि त्यावरून रस्ता नेला. लांबी १३६ फूट, रुंदी ७ फूट. कमान कुठेही नाही. उभा दगड आणि आडवा दगड, देवळाचा मंडप बांधतात त्याच पद्धतीने पूल बांधलेला. आपल्याकडच्या मोठ्या पुलांच्या इतिहासात या छोट्या पुलाला मानाचे पान मिळायला हवे असे मला मनापासून वाटते.

हे सगळे पाहून कनिंगहॅम यांचा तर्क धावला. वाकाटक या प्राचीन घराण्यातल्या राजांची नावे तोवर ताम्रपटांतून कळली होती, पण त्यांचे राज्य नेमके कुठे, राजधानी कुठली, हे ठरायचे होते. भांदक हीच ती राजधानी असावी, असे त्यांनी मांडले. कोसलच्या राजधानीसाठीही भांदकचे नाव चर्चेत आले. आणि या दुसऱ्या दाव्याला एका दगडाने मोठे बळ दिले.

हा दगड नागपूरच्या वस्तुसंग्रहालयातला, ज्याला नागपूरकर प्रेमाने ‘अजब बंगला’ म्हणतात. १८६३ साली तो सुरू झाला. त्यातल्या एका संस्कृत शिलालेखात चटका लावणारी कथा आहे. सूर्यघोष नावाचा राजा होता. त्याचा लाडका मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मेला. त्या दुःखात राजाने बुद्धाचे मंदिर बांधले. पुष्कळ काळाने, पांडववंशात जन्मलेल्या उदयनाच्या घराण्यातल्या भवदेव रणकेसरी नावाच्या राजपुरुषाने त्या पडक्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. लेख त्याचाच.

बुद्धमंदिर, बुद्धाला मानणारा राजा, आणि पांडववंश! भांदकच्या बाजूने बोलणाऱ्याला आणखी काय हवे? कनिंगहॅम यांना गावात सांगण्यात आले की इथला एक लेख पूर्वी साहेबाने नागपूरला नेला. मग हाच तो लेख, असे धरले गेले. दगड मुळात ज्या जागी होता तिथली नोंद त्याच्यासोबत आलेली नव्हती, त्यामुळे ज्याला जसे पटले तसे त्याने मानले. १९०५ साली जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी हा लेख छापला तो रतनपूरचा म्हणून. रायबहादूर हिरालाल हे मध्य प्रांतातल्या शिलालेखांचे सर्वांत मोठे जाणकार. त्यांनी तो भांदकच्या नावावर घातला. एकच दगड, एकच मजकूर. आणि एकदा तो छत्तीसगडातला, एकदा वर्धेच्या खोऱ्यातला. ज्या गावाचा दगड त्या गावाचा राजा, आणि राजा त्या गावाचा म्हणजे राजधानीही तिथलीच. इतिहासाचे केवढे ओझे त्या एका नोंदीवर येऊन पडले होते!

ही गाठ सोडवली ती वासुदेव विष्णू मिराशी यांनी. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारा हा माणूस विदर्भाच्या प्राचीन इतिहासाला खरा आकार देणारा. मिराशींनी दाखवून दिले की भवदेवाचा लेख मूळचा आरंगचा. आरंग हे रायपूरजवळचे गाव, आणि तिथून महानदीकाठचे सिरपूर काही फार लांब नाही. पांडववंश म्हणजे दक्षिण कोसलावर राज्य करणारे पांडुवंशी राजे, ही गोष्ट इतर ताम्रपटांवरून स्पष्ट होतीच. दगड आपल्या जागी परत गेला आणि त्याच्याबरोबर भांदकचे कोसलपणही गेले. १९५३ ते १९५६ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी उत्खननकाराने सिरपूरला खोदकाम केले तेव्हा जमिनीतून मोठे बौद्ध विहार वर आले. ह्युएन त्संगच्या कोसलची राजधानी म्हणून आज बहुतेक अभ्यासक सिरपूरचेच नाव घेतात.

वाकाटकांचे राजधानीपणही टिकले नाही. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे नंदिवर्धन, वर्ध्याजवळचे पवनार म्हणजे प्रवरपूर, ही मिराशींची मांडणी. १९३९ साली वाशीमला विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला आणि घराण्याची दुसरी पाती वत्सगुल्मात, म्हणजे वाशीममध्ये, राज्य करत होती हे उघड झाले. वाकाटकांचा चंद्रपूर जिल्ह्याशी संबंध नव्हता असे मात्र कुणी समजू नये. देवटेकचा एक दगड आहे. त्यावर एकावर एक दोन लेख आहेत: खालचा मौर्यकाळाकडे जाणारा, प्राणिहत्या करू नये असा हुकूम देणारा, वरचा वाकाटक रुद्रसेनाचा, धर्मस्थानाविषयी. जुन्या राजाज्ञेवर नव्या राजाने आपले अक्षर कोरले. भांदकपेक्षा देवटेकला हा मान आहे, पण देवटेकचे नाव किती जणांना माहीत आहे?

आता ह्युएन त्संगकडे पुन्हा वळायला हवे, कारण त्याच्या कोसलच्या वर्णनात आणखी एक डोंगर आहे आणि या सगळ्या शोधात माझे मन सर्वांत जास्त तिथे अडकते. राजधानीच्या नैर्ऋत्येला ३०० लीवर एक डोंगर, असे तो सांगतो. सातवाहन राजाने आचार्य नागार्जुनासाठी या डोंगराच्या पोटात पाच मजली विहार कोरला. प्रत्येक मजल्यावर चार दालने, दालनांत सोन्याच्या बुद्धमूर्ती. काम अर्धवट असतानाच खजिना रिता झाला. राजा खचला. तेव्हा नागार्जुनाने रसायनाचे थेंब मोठमोठ्या शिळांवर टाकून त्यांचे सोने केले. पुढे भिक्षूंमध्ये भांडणे झाली, विहार दुसऱ्यांच्या ताब्यात गेला आणि आत जायची वाट बंद करून टाकण्यात आली. ह्युएन त्संगला जे ऐकायला मिळाले ते असे: आत कुणी आजारी पडले तर वैद्याला बोलावतात, पण जाताना आणि येताना त्याचे तोंड झाकतात, वाट त्याला कळू नये म्हणून.

हा डोळे झाकलेला वैद्य वाचला की मला इंग्रजीतला ‘मिस्टरी’ हा शब्द आठवतो. त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे आणि तिथल्या त्या क्रियापदाचा अर्थच मिटणे असा आहे, डोळे मिटणे किंवा ओठ मिटणे. अथेन्सजवळ एलेउसिस नावाच्या गावात धान्यदेवता देमेतेरचे व्रत असे. त्याची दीक्षा घेणारे ‘मुस्तेस’, म्हणजे मिटलेले. आत काय पाहिले ते बाहेर बोलायचे नाही, असा त्यांचा नेम. बोलेल त्याला देहदंडापर्यंत शिक्षा होती. हजार वर्षांच्या आसपास ते व्रत चालले आणि हजारो लोक त्यातून गेले, तरी आतला मुख्य विधी कुणी लिहून ठेवला नाही. तिथून तो शब्द लॅटिनमध्ये गेला, फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि अखेर पोलिसी कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर जाऊन बसला. आपल्याकडे याच जागी ‘गूढ’ आहे. संस्कृतात गुह् म्हणजे लपवणे. त्यापासून गूढ, त्यापासून गुह्य आणि त्यापासूनच गुहा. विजासनची ती ७१ फुटांची वाट चालताना या शब्दांचे नाते डोक्यात नाही, पायांत जाणवते.

विजासन म्हणजेच नागार्जुनाचा तो डोंगर, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. पाच मजले कुठे आणि जमिनीलगतच्या तीन वाटा कुठे. रामटेक-मनसरकडेही नागार्जुनाच्या नावाची टेकडी आहे आणि तिथले लोकही हा दावा तितक्याच निष्ठेने करतात. भांदकच्या वाट्याला आधीच पुष्कळ उसने मोठेपण आले. त्यात आणखी भर घालून गावाचे भले होणार नाही. जे इथे खरोखर आहे ते कमी नाही.

काय आहे? एका गावात बुद्धाचे लेणे, भद्रनागाचे देऊळ, गवराळ्याच्या टेकडीवरचा गणपती, चंडिकेचे जुने मंदिर आणि श्वेतांबर जैनांचे केसरिया पार्श्वनाथाचे तीर्थ. या तीर्थाची कथा गेल्या शतकाच्या सुरुवातीची. जमिनीत अर्धवट रुतलेली, काळसर रंगाची मोठी मूर्ती गावकरी ‘केसरिया बाबा’ म्हणून पुजत होते. वाशीमकडच्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या एका सेवकाला स्वप्नात हे स्थान दिसले, तो शोधत इथे आला आणि त्याने ही मूर्ती ओळखली, असे भाविक सांगतात. पुढे संगमरवरी मंदिर झाले, धर्मशाळा झाल्या. आज गुजरात-राजस्थानातून येणारा यात्रेकरू भद्रावतीला उतरतो तो या मंदिरासाठी.

विजासनच्या बुद्धाचे दिवस १९५६ साली पालटले. १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा दिल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला तिथे त्यांनी लोकांना दीक्षा दिली. भांदक तिथून पंचवीसेक किलोमीटर. पुरातत्त्वाच्या यादीतले एक ‘संरक्षित स्मारक’ असलेला बुद्ध पुन्हा माणसांचा झाला. आता बुद्धपौर्णिमेला या वाटेने येणाऱ्या माणसाला कनिंगहॅम काय म्हणाले याच्याशी कर्तव्य नाही. त्याच्या दृष्टीने ही राजधानी होती की नव्हती, हा प्रश्न उरतच नाही, आणि हे त्याचे बरोबर आहे.

मग राजधानी नसलेल्या गावात एवढे सगळे का? माझे उत्तर साधे आहे: भांदक वाटेवरचे गाव होते. विदर्भातून गोदावरीकडे, तेलंगणाकडे उतरायचे तर वर्धा नदीच्या काठाकाठाने येणारा रस्ता इथूनच जातो. नागपूर-चंद्रपूर महामार्ग याच दिशेने आहे, दिल्लीहून मद्रासला गेलेली रेल्वेही याच दिशेने आहे. बौद्ध भिक्षू आणि जैन व्यापारी राजवाड्यांपेक्षा व्यापारी रस्त्यांच्या कडेने वस्ती करत, हे जुन्नर-कार्ल्यापासून सगळीकडे दिसते. भांदकला वेगळा नियम कशाला लावायचा?

या म्हणण्याला भांदकचाच एक ताम्रपट साक्ष देतो. वेरूळचे कैलास लेणे ज्याच्या नावावर आहे त्या राष्ट्रकूट कृष्णराजाचा हा ताम्रपट, शक ६९४ चा, म्हणजे इ.स. ७७२ चा. तो संपादित केला विष्णू सीताराम सुखटणकर यांनी, ज्यांनी पुढे पुण्याला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम उभे केले. नाव भांदकचे, पण त्यातले दान भांदकचे नाही. उदुंबरमंती इथल्या सूर्यमंदिराला एक गाव दिल्याचा हा लेख आहे आणि उदुंबरमंती म्हणजे वर्धा नदीपलीकडची, यवतमाळ जिल्ह्यातली राणी अमरावती, असे मानले जाते. ताम्रपट हा जमिनीचा कागद. ज्याच्या नावे इनाम त्याच्या घरी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला जातो, आणि घर हलले की ताम्रपटही हलतो. आरंगच्या दगडाने सगळ्यांना चकवले तेही तो आपल्या जागेवरून हलला म्हणूनच. कृष्णराजाची ती तांब्याची पाने जपणारे कुणीतरी नदी ओलांडून या रस्त्यावरच्या गावात राहायला आले असावे.